टाकलेल्या मुलाचे पितृऋण

घरातला कर्ता पुरुष मृत्यूने गेला, तर त्या घराचे दुःख कसे वागवावे हे आपल्या समाजाला परंपरेने ठाऊक असते. दहा दिवसांचे सुतक असते, शेजारघरांतून येणारे जेवण असते, भेटीला येऊन दोन घटका मुकाट बसणारी माणसे असतात, आणि वर्षाच्या अखेरीस वर्षश्राद्ध करून जगण्याकडे पुन्हा वळण्याची मुभा असते. दूरदेशी जाऊन ज्याची वार्ता वर्षानुवर्षे लागली नाही, त्याच्यासाठीही धर्मशास्त्राने तरतूद करून ठेवली आहे. बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करावे, असा विधी निबंधकारांनी सांगितला आहे. परंतु जो मेलेला नाही आणि हरवलेलाही नाही, ज्याचा ठावठिकाणा गावाला ठाऊक आहे, जो दुसऱ्या शहरात, कदाचित दुसऱ्या बिऱ्हाडात सुखरूप नांदतो आहे, आणि तरीही ज्याने आपली बायको व मुले टाकलेली आहेत, अशा बापाच्या मुलासाठी असा कोणताही विधी नाही. त्या मुलाला सुतक नाही, म्हणून सांत्वनही नाही. आणि ज्या दुःखाला विधी नाही ते दुःख समाजाच्या डोळ्यांसमोर असूनही त्याला दिसत नाही.

अशी मुले महाराष्ट्रात शोधावी लागत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांनी आणि गोद्यांनी शतकभर कोकणातले व घाटावरचे पुरुष ओढून नेले, आणि मागे राहिलेली घरे दरमहाच्या मनीऑर्डरीवर जगली. त्या पुरुषांपैकी बहुतेकांनी दहा-दहा जणांच्या खोलीत राहून, खानावळीचे जेवण जेवून आणि पोटाला चिमटा घेऊन ती मनीऑर्डर नेमाने धाडली, हे त्यांचे थोर कर्तृत्व कोणी विसरू नये. पण काही घरांतली मनीऑर्डर प्रथम उशिरा येऊ लागली, मग अर्धी येऊ लागली, आणि एका शिमग्यानंतर यायची थांबली. त्या घरातल्या थोरल्या मुलाचे बालपण तेथेच संपले. वाण्याच्या वहीत आपल्या घराच्या नावापुढे किती उधारी चढली आहे, हे तो न विचारता जाणू लागतो. आई रात्री जेवली नाही, हे स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजावरून ओळखू लागतो. बाबा दिवाळीला येतील, हे स्वतःचा त्यावर विश्वास उरलेला नसताना धाकट्या बहिणीला सांगायला शिकतो. तलाठ्याच्या कचेरीत आईबरोबर उभे राहून तो उत्पन्नाच्या दाखल्यासाठी घरची कैफियत मांडतो, आणि सातबाऱ्यावर नाव बापाचे असल्यामुळे आपण कसत असलेल्या तुकड्यावर आपल्याला कर्ज मिळत नाही, हे व्यवहारज्ञान मिसरूड फुटण्यापूर्वीच त्याच्या पदरी पडते. गाव हे पाहते आणि म्हणते, 'पोर गुणाचे आहे. वयाच्या मानाने फार लवकर शहाणे झाले.'

या शाबासकीच्या मुळाशी एक धर्मप्रश्न दडलेला आहे, आणि तो आपण सहसा उघड करून पाहत नाही. पुत्राने पित्याचे ऋण फेडावे, ही आपल्या धर्मकल्पनेची एक आधारशिला आहे. मग ज्या पित्याने जन्मापलीकडे काही दिले नाही, किंबहुना जे दिले होते तेही काढून घेतले, त्याचे ऋण त्या पुत्राच्या शिरावर राहते काय? आणि ज्या अकाली शहाणपणाचे आपण कौतुक करतो ते धर्माचे फळ मानावयाचे की अधर्माचे? हे प्रश्न मला केवळ तात्त्विक वाटत नाहीत, कारण ती मुले स्वतः ते विचारीत असतात; फक्त आपल्याला ऐकू येईल एवढ्या आवाजात विचारीत नाहीत.

ऋणाची कल्पना प्रथम नीट पाहिली पाहिजे. तैत्तिरीय संहितेत असे म्हटले आहे की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो: ब्रह्मचर्याने तो ऋषींचे ऋण फेडतो, यज्ञाने देवांचे आणि प्रजोत्पादनाने पितरांचे. या व्यवस्थेत एक गोष्ट स्पष्ट आहे, पण उपदेश करताना ती विसरली जाते. पुत्र जन्माला येतो तेव्हा तो प्रथम बापाच्या ऋणाची फेड म्हणून येतो. त्याच्या जन्माने बाप आपल्या पितरांपुढे मोकळा होतो. म्हणजे लाभ प्रथम बापाच्या पदरात पडतो, आणि पुत्राचे देणे त्यानंतर सुरू होते. ज्याने पुत्र मिळवून स्वतःचे देणे फेडले आणि मग त्या पुत्रालाच वाऱ्यावर सोडले, त्याने वंशपरंपरा पुढे नेली असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? वंश केवळ रक्ताने चालत नसतो; अन्नाने, संस्काराने आणि सोबतीने चालतो, हे ज्यांनी ही व्यवस्था रचली त्यांना कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही.

त्यांना ते पुरते कळत होते, याचा पुरावाही आहे. वसिष्ठाच्या धर्मसूत्रात असा निर्णय दिला आहे की पिता पतित झाला तर त्याचा त्याग करता येतो, परंतु माता पुत्राच्या दृष्टीने कधीही पतित होत नाही. पितृपद हे आचरणावर अवलंबून आहे आणि म्हणून ते गमावता येते, हे या निर्णयाचे तात्पर्य आहे. कालिदासाने रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात दिलीपाचे वर्णन करताना याच्याही पुढचे पाऊल टाकले आहे: प्रजेला शिक्षण, रक्षण आणि पोषण दिलीपाने दिले, म्हणून तोच त्यांचा पिता, त्यांचे जनक हे केवळ जन्माला कारण झाले. राजस्तुतीच्या ओघात आलेला हा विचार मला एखाद्या स्मृतिवचनाइतका मोलाचा वाटतो, कारण पितृत्वाची तीन लक्षणे त्यात एकत्र सांगितली आहेत, आणि त्या तिन्हींमध्ये जन्म देणे नाही.

आता कोणी म्हणेल की हे सामान्य, स्वार्थी माणसाविषयी ठीक आहे. परंतु ज्याने परमार्थासाठी घर सोडले त्याचे काय? हा आक्षेप आपल्या देशात फार जुना आहे आणि त्याला वजनही आहे. ज्या दिवशी वैराग्य उपजेल त्याच दिवशी निघून जावे, अशी परवानगी जाबालोपनिषदाने दिली आहे. पण ही परवानगी एकटी उभी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जनपदनिवेशाच्या प्रकरणात, बायको-मुलांची तजवीज न करता प्रव्रज्या घेणाऱ्यास पूर्वसाहसदंड करावा, असे सांगितले आहे. भगवी वस्त्रे ही फारखत नव्हे, हे त्या कठोर राजनीतिज्ञाने ओळखले होते. याज्ञवल्क्य घर सोडण्यास निघाला तेव्हा मैत्रेयी आणि कात्यायनी यांच्यात वाटणी करून देण्याची गोष्ट त्याने प्रथम काढली, असे बृहदारण्यकात आहे; आत्मज्ञानाचा तो अमर संवाद मिळकतीच्या वाटणीपासून सुरू होतो. सिद्धार्थ राहुलाला सोडून गेला, पण राहुल शुद्धोदनाच्या राजवाड्यात होता, उपाशी नव्हता. आणि बुद्ध होऊन पिता कपिलवस्तूला परत आला तेव्हा राहुलाच्या मातेने त्याला धाडले ते बापाकडे वारसा मागण्यासाठी. बुद्धाने सारिपुत्ताकरवी त्याला प्रव्रज्या दिली. त्यावर, पुत्र गेला आणि आता नातूही गेला, म्हणून व्याकूळ झालेल्या शुद्धोदनाने विनंती केली की यापुढे मातापित्यांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला दीक्षा देऊ नये; बुद्धाने ती मान्य केली आणि ती संघाचा नियम होऊन बसली. मागे राहिलेल्यांचे दुःख हा धर्माचा विषय आहे, हे त्या महापुरुषाने नाकारले नाही, उलट नियमबद्ध केले. तेव्हा परमार्थ ही सबब सांगून घर टाकणाऱ्याने, ज्यांचे नाव तो सांगतो त्यांनी मागे काय ठेवले होते, हेही पाहावे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार करताना आळंदीच्या वाटेने जाणे अपरिहार्य आहे. संतचरित्रांच्या परंपरेनुसार गोदाकाठच्या आपेगावच्या विठ्ठलपंतांनी पत्नी रुक्मिणीला आळंदीस ठेवून काशीत संन्यास घेतला. त्यांचे गुरू पुढे आळंदीस आले असता त्यांना सत्य कळले आणि त्यांनी शिष्याला संसारात परत पाठविले. या पहिल्या त्यागाची दुरुस्ती गुरूनेच केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका गणनेनुसार 1273 ते 1279 या काळात त्यांना निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार अपत्ये झाली. संन्याशाची मुले म्हणून ती वाळीत पडली. आणि मुलांच्या मुंजी होण्यासाठी उपाय विचारला तेव्हा निर्णय देणाऱ्यांनी आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ते त्यांनी जलसमाधीने घेतले आणि चार लहान मुले उघडी पडली. हा दुसरा त्याग विठ्ठलपंतांनी केला असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तो त्यांच्याकडून करविला गेला. मुलांच्या हितासाठी म्हणून मुलांचे आईबाप हिरावून घेण्याचा हुकूम ज्यांनी दिला, त्या मुलांना टाकणारे तेच होते. बाप घर टाकतो तेव्हा आपण त्याच्या एकट्याच्या माथी दोष मारून मोकळे होतो. पण पुष्कळदा त्याच्यामागे त्याला घराबाहेर लोटणारे एक जग असते, आणि त्या जगात आपणही असतो.

त्यानंतर जे घडले त्याचा अभिमान महाराष्ट्राने बाळगावा हे योग्यच आहे. निवृत्तिनाथ भावंडांचे बापही झाले आणि गुरूही झाले. नेवाशास 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा वरील गणनेने ते सतरा वर्षांचे आणि ग्रंथकार पंधरा वर्षांचा होता. आणि त्या ग्रंथात ज्ञानदेवांनी थोरल्या भावाचा जो गौरव केला आहे, त्याच्यामागे सर्व परमार्थ मान्य करूनही मला एक अगदी ऐहिक कृतज्ञताही जाणवते. पण याच अभिमानात एक धोका आहे. त्या चार भावंडांचे उदाहरण देऊन आपण म्हणू लागतो की संकटाने मुले मोठी होतात, अनाथपणातून अलौकिकत्व उगवते. असे म्हणताना, ज्या हजारो मुलांच्या अनाथपणातून काहीच उगवले नाही, जी हॉटेलच्या मोरीवर कपबशा विसळीत मोठी झाली, त्यांची गणती आपण करीत नाही. आणि खुद्द त्या भावंडांविषयीही आपण अर्धेच पाहतो. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचे दार लावून आत बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताईने बाहेरून त्यांची समजूत घातली, अशी ताटीच्या अभंगांची कथा आहे. त्या अभंगांतले तत्त्वज्ञान थोर आहे. परंतु त्या प्रसंगाकडे पाहताना, ज्याने सर्वांना शहाणपण शिकविले त्या मुलालाही एकदा रुसून दार लावून घ्यावेसे वाटले, आणि त्याची समजूत घालायला घरात थोरले माणूस नव्हते, ही वस्तुस्थिती माझ्या मनातून जात नाही. शहाणे मूल हे प्रथम मूल असते.

आता श्रुतीतल्या दोन मुलांकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे सापडले आहे. पहिला शुनःशेप. ऐतरेय ब्राह्मणात त्याची कथा आहे. अजीगर्त हा ऋषी भुकेने गांजून अरण्यात राहत होता आणि त्याला तीन मुलगे होते. हरिश्चंद्राचा पुत्र रोहित याने, वरुणाला आपल्याऐवजी बळी देण्यासाठी, शंभर गाई देऊन एक मुलगा मागितला. थोरल्याला बापाने कवटाळले, धाकट्याला आईने. मधला शुनःशेप विकला गेला. यज्ञात त्याला यूपाशी बांधायला कोणी पुढे येईना, तेव्हा बापाने आणखी शंभर गाई घेऊन त्याला बांधले; आणि मारायला कोणी धजेना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन तो सुरी परजून उभा राहिला. कथाकाराने ही तीन शतके वेगवेगळी मोजली आहेत, यात त्याची नैतिक दृष्टी दिसते. पहिले शंभर भुकेने घेतले, आणि भुकेल्या माणसाला क्षमा करणे अवघड असले तरी अशक्य नाही. परंतु दुसरे शंभर घेताना भूक संपलेली होती, आणि तिसरे शंभर घेताना बाप संपलेला होता. घर सोडून गेलेल्या प्रत्येक पुरुषाचा न्याय करताना हीच मोजणी करावी लागते. काम सुटले म्हणून पैसे धाडता आले नाहीत, लाजेने तोंड दाखविता आले नाही, तो माणूस निराळा. आणि हाती पैसा असताना, पोरांची पत्रे वाचून, त्यांना उत्तर न देणारा निराळा.

देवांची स्तुती करता करता शुनःशेपाचे पाश गळून पडले आणि तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. अजीगर्ताने मुलगा परत मागितला. आपल्या पितरांची परंपरा सोडू नकोस, अशी गळ घातली. घेतलेल्या गाई तुलाच देतो, झाल्या कर्माचा मला पश्चात्ताप होतो, असेही तो म्हणाला. शुनःशेप गेला नाही. तुझ्या हातात सुरी सर्वांनी पाहिली, माझ्यापेक्षा तुला तीनशे गाई प्रिय वाटल्या, आणि जे तू केलेस ते सांधता येण्याजोगे नाही, असे त्याने बापाला तोंडावर सांगितले. विश्वामित्राने त्याला आपला ज्येष्ठ पुत्र मानले आणि वारसा दिला. ज्या थोरल्या पन्नास मुलांनी हे मानले नाही, त्यांना त्याने शाप दिला. आणि या सगळ्यावर ब्राह्मणग्रंथाची टिप्पणी अशी की ज्यांना पुत्राची इच्छा असेल त्यांनी हे आख्यान सांगवून घ्यावे. पुत्र मागणाऱ्याने प्रथम अजीगर्ताची गोष्ट ऐकावी, याहून गंभीर इशारा मला कोणत्याही संस्कारविधीत आढळलेला नाही.

दुसरा नचिकेता. बापाने यज्ञात म्हाताऱ्या, आटलेल्या गाई दान दिल्या, हे त्या मुलाने पाहिले. घरातल्या मोठ्यांचे दोष ज्यांना फार लवकर दिसतात, त्या मुलांपैकीच तो एक होता. 'मला कोणाला देणार?' असे त्याने तीनदा विचारले, आणि संतापलेल्या बापाने 'मृत्यूला' असे उत्तर दिले. मुलगा यमाच्या दारी गेला. यम घरी नव्हता. तीन रात्री तो मुलगा तेथे उपाशी राहिला. कठोपनिषदावर व्याख्याने देताना आपण येथून लगबगीने आत्मविद्येकडे जातो. पण पुढचा प्रसंग थांबून पाहण्याजोगा आहे. यम परत आला आणि त्याने त्या मुलाला नमस्कार करून म्हटले की माझ्या घरी तू तीन रात्री अन्नावाचून राहिलास, तेव्हा माझे कल्याण व्हावे म्हणून एकेका रात्रीबद्दल एकेक वर मागून घे. प्रत्यक्ष मृत्यूने, ज्याच्यापुढे कोणाची रदबदली चालत नाही त्याने, आपल्या दारात उपाशी राहिलेल्या एका मुलाचे देणे मान्य केले आणि ते रात्रींच्या हिशेबाने चुकते केले. पहिल्या वराने नचिकेत्याने काय मागितले? माझ्या बापाचा राग शांत व्हावा, त्याचे मन प्रसन्न व्हावे, आणि मी परत गेलो की त्याने मला ओळखून जवळ घ्यावे.

एका मुलाने बापाला नाकारले. दुसऱ्याने मृत्यूच्या दारातून बापाचे सुख मागितले. श्रुतीने दोघांनाही मान दिला आणि दोघांपैकी कोणालाही दूषण दिले नाही. यावरून एवढे निश्चित होते की त्यागलेल्या मुलाने क्षमा केलीच पाहिजे असा धर्म नाही, आणि क्षमा करू नये असाही धर्म नाही. ती गोष्ट सर्वस्वी त्याच्या स्वाधीन आहे. परंतु या दोन कथांचे जे साम्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वेगळेच आहे. शुनःशेपाला बापाविषयी निर्णय करावा लागला तो पाश गळून पडल्यानंतर, विश्वामित्राच्या मांडीवर बसल्यानंतर. नचिकेत्याने बापासाठी वर मागितला तो यमाने त्याला नमस्कार करून अतिथीचा मान दिल्यानंतर. दोघांनाही आधी आश्रय मिळाला, आणि मग त्यांच्या मनाची परीक्षा झाली. आपण मात्र नेमके उलट करतो. मूल अजून यूपाशी बांधलेले असते, दारात उपाशी बसलेले असते, आणि आपण त्याला सांगतो, 'काही झाले तरी तुझा बाप आहे. मनात राग धरू नकोस.' क्षमा हे समर्थाचे दान आहे; ते ज्याच्या हाती अजून काही नाही त्याच्याकडून वसूल करणे हा धर्म नव्हे, ती धर्माच्या नावाने केलेली जप्ती आहे.

पुढे असा दिवस येतो की तो बाप म्हातारा होऊन परत येतो. आजार जडलेला असतो, दुसरे बिऱ्हाड मोडलेले असते, आणि तिशीतला मुलगा आता कमावता झालेला असतो. या प्रसंगी कायदा काय म्हणतो हे स्पष्ट आहे. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 488 पत्नी आणि मुले यांच्याच निर्वाहाचा हुकूम देत असे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलांबरोबर वृद्ध अथवा दुर्बल मातापित्यांच्या निर्वाहाचीही जबाबदारी घातली, आणि 1973 च्या संहितेतील कलम 125 ने स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईबापांना फिर्यादीचा मार्ग सर्वांसाठी खुला केला. ज्याने मुलाला कधी पोसले नाही तो मुलाकडे पोटगी मागू शकतो, हे ऐकून मन विटते. तरीही मला वाटते की येथे अन्न आणि पितृत्व यांची फारकत केली, तर वाट सापडते. म्हाताऱ्या, आजारी माणसाला अन्न, औषध आणि निवारा मिळावा, हा त्याचा माणूस म्हणून हक्क आहे. ज्याच्या हाती ते देण्याचे सामर्थ्य आहे त्याने ते द्यावे, आणि ते देण्याने त्या मुलाचे स्वतःचे माणूसपण राखले जाते. पण आदर, जवळीक, बाबा म्हणून मारलेली हाक, घरातल्या निर्णयांत मानाचे स्थान, नातवंडांना मांडीवर घेण्याचा अधिकार, हे कोणत्याही कलमाखाली मागता येत नाही आणि कोणत्याही नातेवाइकाने त्यासाठी तगादा लावू नये. मुलाने ते आपण होऊन दिले, तर ते नचिकेत्याचे औदार्य. न दिले, तर तो शुनःशेपाचा न्याय.

आणि पितृऋणाचे काय? ते नाहीसे होत नाही. ते ज्याचे त्याला पोचते. वर्षभर वही मिटून ठेवून धान्य देत राहिलेला वाणी, परीक्षेची फी स्वतःच्या पगारातून भरून त्याची पावती मुलाच्या हाती ठेवणारे गुरुजी, बहिणीच्या मुलांना आपल्या मुलांच्या पंक्तीत बसविणारा मामा, आणि या सर्वांच्या आधी, शिक्षण, रक्षण आणि पोषण ही दिलीपाची तिन्ही कर्मे एकटीने करणारी आई: त्या मुलाचे पितर हे आहेत. पितृपक्षात त्याने मनोमन कोणाला तिलांजली द्यावी, असे मला कोणी विचारले, तर मी यांची नावे सांगेन. यांतले कोणी हयात असतील, तर तिलांजलीऐवजी त्यांची विचारपूस सांगेन.

उरला प्रश्न त्या अकाली शहाणपणाचा. ते अधर्मातून उपजलेले आहे, हे मान्य केले पाहिजे; आणि तरीही ते त्या मुलाने स्वतःच्या श्रमाने मिळविलेले आहे, म्हणून त्याचा मान ठेवला पाहिजे. मुलाने उचललेला भार ही त्याची थोरवी आहे, पण तो त्याला उचलावा लागला ही आपली थोरवी नव्हे. विश्वामित्राने मुलाचे नुसते कौतुक केले नाही. त्याला मांडीवर घेतले, वारसा दिला, आणि त्यासाठी स्वतःच्या पन्नास मुलांचा रोष पत्करला. यमाने त्या मुलाच्या उपवासाची स्तुती केली नाही. उपवासाबद्दल स्वतःला दोषी मानले. ज्या गावात एखादे मूल बापाने टाकल्यामुळे एका वर्षात मोठे झाले, त्या गावाने, त्या शाळेने आणि त्या नातेवाइकांनी स्वतःला विचारावे की ते मूल किती रात्री आपल्या दारात उपाशी होते, आणि त्यांतल्या किती रात्रींचे आपण काही दिले. त्याची फी भरावी, त्याच्या आईच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही करावी, बापाच्या नावावरचा तुकडा तिच्या वहिवाटीत राहावा म्हणून कचेरीत तिच्याबरोबर खेटे घालावेत, आणि सुट्टीत त्या मुलाला चार दिवस तरी असे द्यावेत की ज्यात त्याला कोणाची काळजी वाहावी लागणार नाही. हे देणे त्याच्या बापाने थकविले आहे हे खरे. पण मूल आपल्या दारात आहे, आणि दारातल्या उपाशी मुलाचे देणे घरमालकाने चुकते करावयाचे असते, हा न्याय खुद्द यमधर्माने घालून दिलेला आहे. ही बाकी आपण आपल्या खात्यावर लिहून घेत नाही, तोपर्यंत त्या मुलाच्या शहाणपणाचे कौतुक करण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.